वाळवंटातील विश्वस्त

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही दोन राज्ये शेजारी-शेजारी पसरलेली आहेत. पाऊस तुटपुंजा, माती तांबूस आणि आकाश अफाट, असा हा प्रदेश. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची मुले आज फिनिक्स शहराच्या परिसरात स्थिरावली आहेत. त्यांच्याकडे जाणारे आई-वडील बहुधा ग्रँड कॅन्यन पाहतात, लास व्हेगासचा झगमगाट पाहतात आणि परततात. मुलाकडील मुक्कामात आम्ही उभयतांनी मात्र चार दिवस वेगळ्या वाटेने काढले. त्या वाटेवरील तीन स्थळांविषयी वाचकांना सांगावेसे वाटते.

बँकेतील माझी बहुतेक वर्षे कर्जविभागात गेली. जमीन समोर आली की तिचा सातबारा, तिच्यावरील बोजा, बाजारभाव आणि सक्तीच्या विक्रीत येणारी किंमत, या चार रकान्यांत ती बसवायची, ही आमच्या व्यवसायाची रीत. या प्रवासात पाहिलेली भूमी त्या रकान्यांत बसत नव्हती. तेथील मूळनिवासी जमातींच्या राखीव क्षेत्रांतील बरीचशी जमीन कायद्याने केंद्र सरकारकडे विश्वस्त म्हणून असते. ती इतर जमिनीप्रमाणे सहज विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. कागदावर विश्वस्त सरकार आहे. पण त्या भूमीची खरी राखण कोण करतो, हा प्रश्न प्रत्येक मुक्कामी नव्याने समोर येत गेला.

फिनिक्सच्या सभोवार सोनोरन वाळवंट आहे. सावारो नावाचे उंच निवडुंग तेथे खांबांसारखे उभे असतात. हे झाड दीडशे वर्षांहून अधिक जगू शकते आणि त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. येथील टोहोनो ओओडम लोक सावारोला झाड मानत नाहीत, माणसासारखाच एक जीव मानतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची फळे उतरवली की त्यांचे नवे वर्ष सुरू होते. वनस्पतिकायात जीव आहे, हे बालपणापासून ऐकत आलेल्या आपल्या मनाला ही भावना परकी वाटत नाही.

फिनिक्सहून उत्तरेस निघालो की दोन-अडीच तासांत मोटार सुमारे सहा हजार फूट चढते. निवडुंग मागे पडतात, पाइनची वने लागतात आणि फ्लॅगस्टाफ गावामागे सॅन फ्रान्सिस्को पर्वताची शिखरे दिसू लागतात. सर्वांत उंच शिखर १२,६३३ फुटांचे. होपी लोकांच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारे कात्सिना देवदूत वर्षातील काही महिने याच शिखरांवर वास करतात. नवाहो लोकांच्या भूमीच्या चार दिशांना चार पवित्र पर्वत आहेत. त्यांतील पश्चिमेचा पर्वत हाच. त्यांचे वैद्य येथूनच औषधी वनस्पती नेतात. एकूण तेराहून अधिक जमाती या पर्वताला पूज्य मानतात. मात्र कागदोपत्री तो सरकारी वन आहे आणि त्याच्या एका उतारावर १९३८ पासून बर्फावरील खेळांचे केंद्र चालते.

वाद पेटला तो पाण्यावरून. हिमवर्षाव बेभरवशाचा झाल्यामुळे केंद्राने फ्लॅगस्टाफचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वर नेऊन त्याचे कृत्रिम बर्फ करण्याचे ठरवले आणि २००५ मध्ये वनखात्याने त्यास संमती दिली. जमाती न्यायालयात गेल्या. होपी आणि नवाहो यांच्यात जमिनीच्या हद्दीवरून पिढ्यान् पिढ्यांचा तंटा आहे. या खटल्यात मात्र दोघे एका बाजूला उभे राहिले. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००८ मध्ये त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तो फिरवला. तेथे जाण्यास बंदी नाही, कोणतेही देवस्थान वा झरा नष्ट होत नाही. परिणाम होतो तो केवळ भाविकांच्या मनातील अनुभवावर, असा बहुमताच्या निकालाचा आशय होता. २०१२ च्या अखेरीस त्या पाण्याचे बर्फ पर्वतावर पडू लागले.

आपण अभिषेकाचे पाणी गाळून, शुद्ध वस्त्रांत आणतो. त्याऐवजी सांडपाणी वापरा, प्रयोगशाळेचा दाखला सोबत आहे, असे कोणी म्हणाले तर आपण काय उत्तर देऊ? दाखला खोटा नसेल. पण त्या दाखल्याने ज्या प्रश्नाचे उत्तर मिळते, तो प्रश्न आपण विचारलेलाच नसतो.

दुसरा मुक्काम होपींच्या प्रदेशात होता. तीन उंच पठारांच्या टोकांवर त्यांची दगडी गावे वसली आहेत. त्यांतील ओराइबी हे गाव सुमारे नऊशे वर्षे अखंड नांदते आहे. वर्षाला दहा इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस. तरी पाटपाणी नसताना वाळूत मका पिकवला जातो. जमिनीतील ओलाव्यापर्यंत काठीने खोल भोक पाडून बियाणे पेरतात आणि दोन रोपांमध्ये बरेच अंतर ठेवतात. सृष्टीच्या आरंभी सर्व लोकांपुढे मक्याची कणसे ठेवली गेली, तेव्हा होपींनी मोठी कणसे सोडून आखूड निळे कणीस उचलले, अशी त्यांची कथा आहे. आयुष्य कष्टाचे होईल, पण टिकेल, असा त्या निवडीचा अर्थ ते सांगतात. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे करतात. ॲरिझोना ते करीत नाही, नवाहो क्षेत्र करते आणि नवाहोंनी चारही बाजूंनी वेढलेले होपी क्षेत्र पुन्हा करीत नाही. एका दिवसात आमचे घड्याळ दोनदा बदलले. चौविहार पाळणाऱ्यांनी या भागात घड्याळाकडे न पाहता सूर्याकडेच पाहावे, हे बरे.

याच पठारांच्या उत्तरेस ब्लॅक मेसा आहे. १९६० च्या दशकात होपी आणि नवाहो यांच्या परिषदांनी तेथील कोळसा उत्खननासाठी भाडेपट्ट्याने दिला. कोळशाची पूड पाण्यात कालवून तो लगदा २७३ मैल लांबीच्या नळातून नेवाडातील वीजकेंद्राकडे पाठवला जाई. त्यासाठी भूगर्भातून रोज एक कोटी लिटरहून अधिक गोडे पाणी उपसले जात होते. कोळशाला वाहून नेण्यापलीकडे त्या पाण्याचा दुसरा उपयोग नव्हता. झरे मंदावले, अशी होपींची तक्रार होती; कंपनीला ती मान्य नव्हती. २००५ च्या अखेरीस वीजकेंद्र बंद पडले आणि उपसाही थांबला. त्याबरोबर परिषदेचे मोठे उत्पन्न आणि अनेकांचे रोजगारही गेले, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. व्यापारी घरांत एक नियम लहानपणीच शिकवला जातो: घर नफ्यावर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये. वाळवंटात भूगर्भातील पाणी हे मुद्दल आहे. मुद्दल खाऊन आलेली तेजी ओसरली की घरात कोणती ओढाताण होते, ते आपण जाणतो.

तिसरे स्थळ पूर्वेस, न्यू मेक्सिकोत, सांता फेच्या उत्तरेला सुमारे ७० मैलांवर आहे. टाओस प्वेब्लो हे मातीच्या बहुमजली घरांचे गाव जागतिक वारशाच्या यादीत १९९२ मध्ये आले. जुन्या वस्तीत आजही वीज नाही, नळ नाही. गावाच्या मधून एक ओढा वाहतो. त्याचेच पाणी पिण्यासाठी वापरतात. त्याचा उगम वर डोंगरात, ब्लू लेक या सरोवरात आहे. टाओसचे लोक आपल्या वंशाचा आरंभ या सरोवराशी जोडतात आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये तेथे यात्रेस जातात. स्पॅनिश राजवटीपासून हे लोक ख्रिस्ती चर्चमध्येही जातात, तरी सरोवराची उपासना त्यांनी सोडली नाही.

१९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने सरोवर आणि भोवतालची भूमी सरकारी राखीव वनात गेली. पुढे १९२० च्या दशकात टाओस शहराखाली गेलेल्या जमिनीबद्दल प्वेब्लोला जवळजवळ तीन लाख डॉलर भरपाई देण्याचा विषय निघाला. त्या गरीब गावाने उत्तर दिले, ती रक्कम आम्ही सोडतो, आमचे सरोवर परत द्या. सरोवर मिळाले नाही. १९६५ मध्ये दावे तपासणाऱ्या आयोगाने भूमी अन्यायाने घेतली गेल्याचे मान्य केले. आयोगाच्या हाती मात्र केवळ पैशाची भरपाई देणे होते. गावाने तीही नाकारली. अखेर १५ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ४८,००० एकर भूमी प्वेब्लोसाठी विश्वस्त निधीत परत आली. ती अस्पर्श वन म्हणूनच राखायची, असे बंधन त्याच कायद्यात आहे आणि ते गावाला जाचक वाटले नाही. चौसष्ट वर्षे एक वसुली अधिकारी बदलून दुसरा यावा, तसे येथे पिढी बदलली; मागणी मात्र तीच राहिली.

सरोवर पाहण्यास बाहेरच्या माणसाला परवानगी नाही. आम्ही ओढ्याकाठी उभे राहून डोंगराला नमस्कार केला आणि परतलो. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: उत्सवाच्या वेळी छायाचित्र घेण्यास सक्त मनाई असते, होपी गावांत तर एरवीही. हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवडे टाओसचे गाव पाहुण्यांना बंद असते. उपाहारगृहांत घेवड्याची उसळ शाकाहारी दिसली तरी तीत प्राण्याची चरबी घातलेली असू शकते, विचारूनच घ्यावी.

हे सर्व लिहिताना सम्मेद शिखरजीचा विचार टाळता येत नाही. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने तेथे पर्यटनाची वाट मोकळी होईल, या भीतीने २०२२ च्या अखेरीस समाज देशभर रस्त्यावर उतरला, अनेक ठिकाणी आपल्या बांधवांनी दुकाने बंद ठेवली आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. पर्यटनातून किती रोजगार मिळेल, हा हिशेब तेव्हा आपणही ऐकून घेतला नव्हता. टाओसच्या लोकांची भाषा आपण त्या दिवसांत बोललो होतो.

त्यानंतर काही दिवसांतच संताल बांधवही रस्त्यावर आले. तोच पर्वत त्यांचा मरांग बुरू आहे. त्यांचे पूजास्थान तेथे आहे. त्यांच्या काही प्रथा आपल्या अहिंसेला मानवणाऱ्या नाहीत, आणि हा भेद गोड शब्दांनी मिटणारा नाही. परंतु हद्दीचा तंटा कायम ठेवूनही होपी आणि नवाहो एका पर्वतासाठी एकत्र उभे राहिले. शिखरजीच्या वनाला आणि झऱ्यांना जपणारे दोन समाज एकमेकांशी बोलू लागले, तर पर्यटनाचा पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा पर्वताच्या बाजूने दोन आवाज असतील. पुढच्या वंदनेला जाणाऱ्या आपल्या संघांनी पायथ्याच्या गावांत एक दिवस अधिक थांबावे आणि तेथील वडीलधाऱ्यांना भेटावे, अशी माझी विनंती आहे.