पायात न येणारा बुरखा

आम्ही दोघी जावा. सातपूर कॉलनीत राहतो. घरातले दोघे भाऊ एमआयडीसीत कामाला, पाळ्या वेगवेगळ्या. त्यामुळे आमच्याकडे दिवसाच्या कोणत्याही वेळी कुणी झोपलेले असते आणि कुणी डबा मागत असते. अशा घरातल्या बायकांनी सकाळी उठून फिरायला जावे, ही कल्पना आमची नव्हे, डॉक्टरांची. अम्मींची, म्हणजे आमच्या सासूबाईंची, साखर वाढली होती. वय बासष्ट. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच, पण रोज चाला.

त्याच सुमारास घरात उमऱ्याचे ठरले. अम्मींची ही कित्येक वर्षांची दुआ. तिथे तवाफच्या सात फेऱ्या, नंतर सफा-मरवा. सफापासून मरवापर्यंत सुमारे ४५० मीटर. सात वेळा म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे जास्त. आणि अम्मी तर भाजीबाजारातून येतानाही दोनदा बसत होत्या. आम्ही ठरवले, त्यांना एकटीने चालायला सांगायचे नाही, तिघींनी जायचे. फजरनंतर पाऊण तास. महिनाभर ते नीट चालले.

मग एका रविवारी हौस आली. पांडवलेणीला जाऊ म्हटले. सातपूरहून अंबड लिंक रोडने पाथर्डी फाटा, तिथून डोंगराचा पायथा. वर चोवीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथवर पायऱ्या आहेत. वर जाताना काही झाले नाही. अम्मी दम खात, पण खूश होत्या. उतरताना मात्र बुरख्याचा घोळ चपलेखाली आला आणि त्या तोल जाऊन हातावर पडल्या. मनगट मुरगळले, गुडघा सोलला. हाड शाबूत राहिले, अल्हम्दुलिल्लाह.

घरी निकाल लागायला वेळ लागला नाही. "पुरे झाले आता," मोठे भाऊ म्हणाले. "उमऱ्याला व्हीलचेअर घेऊ." कुणी रागावले नव्हते, सगळे काळजीपोटीच बोलत होते. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चालायच्या चपला उचलल्या आणि पलंगाखाली पार आत सरकवल्या. ते पाहून आमच्या दोघींच्या पोटात कालवले.

रात्री बुरखा धुवायला घेतला तेव्हा दिसले. पुढच्या घोळावर चपलेच्या तळाचा ठसा स्वच्छ उमटला होता आणि तिथेच शिवण उसवली होती. धाकटी घरी शिलाई करते. तिने टेप घेतला. हा बुरखा लग्नकार्यासाठी शिवलेला, टाचेच्या सँडलवर उभे राहून माप दिलेले. सपाट चपलेवर तो दोन इंच लांब पडत होता. घेर इतका बेताचा, की सपाट रस्त्यावर पाऊल पडे, पण पायरीवर गुडघा उचलला की कापड मांडीवर ताणले जाई. मग हात आपोआप कापड सावरायला जाणार, कठडा धरायला हात मोकळा कुठून राहणार? आम्हाला वाटले होते, अम्मी थकल्या म्हणून पडल्या. त्या चुकीच्या मापामुळे पडल्या होत्या.

आपल्याकडे यावर दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, चालायचे, चढायचे असेल तर हे सगळे काढून ठेवा. दुसरे म्हणते, हे घालायचे असेल तर चढता कशाला? दोन्हींचा शेवट एकच, बाई घरी बसते. जगातही असेच चालते. २०११ साली इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोक्यावरच्या कपड्यामुळे ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. फिफाने ती बंदी २०१४ साली उठवली. आणि त्याच्याही आधी, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत बहरीनची रुकय्या अल-घसरा डोके झाकूनच २०० मीटर धावली होती आणि सुवर्णपदक घेऊन गेली होती. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या शर्यतीची हकिकत आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी ऐकलेली आहे. पहिल्या वेळी त्या पुढे गेल्या होत्या, पुढच्या वेळी प्रेषित (स.). आणि सफा-मरवाची सई ही तर एका आईच्याच धावपळीची आठवण. पाण्यासाठी त्या टेकड्यांमध्ये धावणाऱ्या हजरत हाजरांच्या पावलांवर आजही पुरुष-बायका सगळे चालतात.

तेव्हा आम्ही ठरवले, कपडाच चालण्यासाठी शिवायचा.

धाकटीने अम्मींना स्टुलासमोर उभे केले. एक पाय स्टुलावर ठेवायला लावला आणि त्या अवस्थेत घेराचे माप घेतले. दोन्ही बाजूंना गुडघ्यापासून खाली एकेक कळी टाकली. लांबी चालायचे बूट घालून मोजली, घोट्याच्या हाडाच्या जरा वर. आत अरुंद मोहरीची सलवार, म्हणजे झाकलेले राहते आणि पायात काही येत नाही. बाह्यांना आधी इलॅस्टिक लावले होते, ते आठ दिवसांत काढले. वुजू करताना इलॅस्टिक कोपरावर चढेना. आता मनगटावर दोन टिचबटणे आहेत. पुढे चेन आहे, आणि बाजूला चेनचाच खिसा. खिशात घराची किल्ली, फोन आणि साखरेच्या दोन पुड्या. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला चालताना एकदम घाम फुटला, हातपाय थरथरले, तर त्या पुड्या उपयोगी पडतात.

डोक्यावर टाचण्या नकोत. पडले तर टोचतात, आणि वाऱ्यात सुटतात. होजिअरीच्या कापडाचा, डोक्यातून घालायचा शिवलेला हिजाब बरा. टोके छातीवर आत जातात. कानावर एकच पदर ठेवा. त्र्यंबक रोडवर सकाळी कंपन्यांच्या बसेस आणि ट्रक सुरू असतात, मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे.

काळ्या रंगात उकडते, असे सगळ्या म्हणतात. वाळवंटातले बदू भर उन्हात काळे झगे का घालतात, याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता आणि तो १९८० साली 'नेचर'मध्ये आला. निष्कर्ष असा, की झगा सैल असेल तर काळ्यात आणि पांढऱ्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच असते. काळे कापड जास्त तापते खरे, पण आतून खेळणारी हवा ती उष्णता अंगापर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. आम्हाला काळ्याची भीती वेगळीच होती. फजरनंतरच्या अंधारात काळा बुरखा ड्रायव्हरला दिसत नाही.

त्यावर उपाय शोधला तो मोठ्या भावांनी, ज्यांनी "पुरे" म्हटले होते त्यांनीच. एके रात्री पाळीवरून येताना त्यांनी जुने, फाटलेले सेफ्टी जॅकेट आणून शिलाई मशीनवर ठेवले. "याची चमकणारी पट्टी निघेल," एवढेच म्हणाले आणि जेवायला बसले. ती पट्टी आता तिघींच्या बुरख्यांच्या मागच्या घोळावर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "पण बुटांचे काय?"

बुटांचे आम्ही टाळत होतो, कारण पैसे तिथेच लागणार होते. शेजारची एक म्हणाली, "आपल्या नाशिकची कविता राऊत अनवाणी पळत मोठी झाली, तुम्हाला बूट कशाला?" हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी सुरुवातीला अनवाणी धावली, हे खरे. पण ते गरिबीचे दुःख होते, कुणाला दिलेला सल्ला नव्हे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने मिळवले, ते पायात बूट घालूनच.

आमचा हिशेब आता असा आहे: पैसे थोडे असतील तर आधी बूट, मग बाकी सगळे. कपडा घरी शिवता येतो, बूट नाही. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय जरा सुजलेले असतात. चालताना घालणार तेच मोजे घालून बघा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. तळ रबरी आणि खाचांचा हवा. दुकानातच दहा मिनिटे फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. साखर असलेल्यांनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघावा आणि रात्री तळपाय तपासावेत. पायाला खडा टोचलेला त्यांना पुष्कळदा कळतच नाही. अम्मींनी बासष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा लेस बांधली. गाठ सुटली तेव्हा दुकानातच हसत सुटल्या.

एका गोष्टीबद्दल आपण बोलायला लाजतो, तरी लिहितो. आतले कपडे. चढताना, भरभर चालताना छातीला नीट आधार नसेल तर खांदे आणि पाठ दुखते. मग बाई "मला झेपत नाही" म्हणते आणि चालणे सोडते. रुंद पट्ट्यांची, खेळताना वापरतात तशी घट्ट ब्रा मुलींना आणि स्वतःलाही घ्या. ही चैन नाही.

थोरलीची लेक कॉलेजात आहे. सहलींना ती नेहमी काही ना काही कारण सांगून मागे राहायची. आजीचा बुरखा पाहून म्हणाली, "असा मला शिवून द्याल?" पावसाळ्यात तिची सहल अंजनेरीला गेली. परत आल्यावर तिने दोन तक्रारी सांगितल्या. आत सुती कुर्ता घातला होता, तो घामाने आणि पावसाने भिजला, वरच्या पठारावर वारा लागला तेव्हा अंगात हुडहुडी भरली. आणि अंगभर रेनकोट घातल्याने आपलीच पावले दिसेनात. पुढच्या वेळी आत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा कुर्ता दिला आणि वर कमरेपर्यंतचेच पावसाळी जॅकेट. खालचा घोळ भिजतो, भिजू द्यावा. पातळ कृत्रिम कापड वाऱ्यावर वाळते. कोरडा हिजाब आणि मोजे मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये हवेत. उन्हाळ्यात घराजवळ चालायला सुतीच बरे, डोंगरावर पावसात नको.

पाऊस सरल्यावर आम्ही सगळ्याच अंजनेरीला गेलो. अम्मी निम्म्या पायऱ्या चढल्या आणि काकडी विकणाऱ्या एका बाईजवळ बसल्या. ती बाई डोक्यावर पाटी घेऊन रोज तो डोंगर चढते-उतरते. लुगडे पोटऱ्यांपर्यंत घट्ट वर खोचलेले. अम्मींचा घोळ तिने दोन बोटांत धरून पाहिला, कळी पाहिली आणि म्हणाली, "हे बरं केलं. कापड पायात आलं की डोंगर पाडतो." अम्मींनी तिला मनगट दाखवले. मग दोघी किती वेळ बोलत बसल्या कोण जाणे. आम्ही उतरलो तेव्हा काकडीचे पैसे ती घेत नव्हती आणि अम्मी ते पाटीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या.

उमरा झाला. तवाफ अम्मींनी पायी केला. सईच्या पाच फेऱ्या पायी झाल्या, सहाव्या फेरीला पाय थरथरू लागले, तेव्हा उरलेल्या दोन व्हीलचेअरवर केल्या. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. "पाच माझ्या पायांनी झाल्या," त्या फोनवर म्हणाल्या. परत आल्या त्याच्या चौथ्या दिवशी फजरनंतर बूट घालून दाराशी उभ्या होत्या आणि आम्हालाच उशीर झाला होता.

बहिणींनो, पुढचा बुरखा शिवायला टाकाल तेव्हा सरळ उभे राहून माप देऊ नका. आधी बूट घाला. मग एक पाय स्टुलावर ठेवा, आणि मग टेप लावायला सांगा.