उत्तरकृतीचे ऋण

एखादी कृती लोकप्रिय झाली की तिची उत्तरकृती निघते, आणि उत्तरकृती निघाली की समीक्षक तिच्याकडे पाठ फिरवतात. धंद्यासाठी जन्मलेल्या अपत्याचे कूळ काय पाहावयाचे, असा त्यांचा भाव असतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हा पंक्तिभेद परवडणारा नाही. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे त्याच्याच ‘महावीरचरिता’चे उत्तर आहे, सर्वांतेसच्या ‘दोन किखोते’चा १६१५ मधील दुसरा भाग १६०५ मधील पहिल्या भागाच्या कीर्तीवर उभा आहे.

मला या प्रश्नाकडे पुन्हा वळविले ते एका निखळ करमणुकीच्या चित्रपटाने. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘ओशन्स इलेव्हन’ २००१ मध्ये आला. तो स्वतःच १९६० च्या, फ्रँक सिनात्रा यांची भूमिका असलेल्या चित्रपटाचा नवा अवतार होता. त्यात अकरा जणांची टोळी लास व्हेगासमधील जुगारगृहांची तिजोरी लुटते. २००४ च्या ‘ओशन्स ट्वेल्व्ह’मध्ये जुगारगृहांचा मालक बेनेडिक्ट येऊन उभा राहतो आणि आपले सोळा कोटी डॉलर व्याजासह, दोन आठवड्यांत, परत मागतो. उत्तरकृतीच्या अवस्थेचे याहून नेमके रूपक मला आठवत नाही. पहिल्या भागात मिळविलेले सारे आता देणे होऊन बसले आहे.

जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन अशी तारामंडळी मग ॲमस्टरडॅम आणि रोममध्ये वावरते. डाव फसू लागतो तेव्हा टोळीला एक अजब उपाय सुचतो. नायकाची पत्नी टेस जूलिया रॉबर्ट्ससारखी दिसते. तिनेच जूलिया रॉबर्ट्स बनून संग्रहालयात शिरावे. टेसचे काम करणारी नटी अर्थातच जूलिया रॉबर्ट्स आहे. तेवढ्यात तेथे ब्रूस विलिस, स्वतः ब्रूस विलिस म्हणूनच, येतो आणि आपली मैत्रीण भेटली असे समजून टेसशी बोलू लागतो. पात्राला आपल्याच नटीची नक्कल साधत नाही, हा त्यातला विनोद.

हे केवळ थिल्लर वाटेल. पण ‘दोन किखोते’च्या दुसऱ्या भागात सरदार आणि त्याची पत्नी यांनी पहिला भाग वाचलेला असतो आणि नायकाला ती त्याच्या कीर्तीप्रमाणे वागायला लावतात. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम-सीता आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहतात, आणि सातव्या अंकात राम सीतेची कथा रंगभूमीवर पाहताना ते नाटक आहे हेच विसरतो. लक्ष्मणाला त्याला भानावर आणावे लागते. समर्थ उत्तरकृती आपल्या पात्रांना त्यांच्या पूर्वकथेसमोर उभे करते. भवभूतीच्या हाती त्यातून करुण उपजतो, सर्वांतेसच्या हाती विषाद, सोडरबर्गच्या हाती हसू.

मात्र एका बाबतीत चित्रपट मला उणा वाटतो. विलिसला भेटणारे लोक ‘द सिक्स्थ सेन्स’चा शेवट आपण आधीच ओळखला होता, अशी प्रौढी मिरवतात. प्रेक्षकाच्या या अहंकाराला मग चित्रपट धडा देतो: खरी चोरी केव्हाच, आगगाडीत, होऊन गेलेली असते; आपण पाहिला तो देखावा होता. शूद्रकाचा शर्विलक भिंतीला खिंड पाडताना तिच्या आकारांचा विचार करतो, जानव्याने माप घेतो. आपण त्याच्या शेजारी उभे असतो. येथे कारागिरी आपल्याला उशिरा, ओझरती कळविली जाते. पात्रांनी बेनेडिक्टचे देणे फेडले. प्रेक्षकाचे अर्धेच फेडले.

अभ्यागत प्राध्यापकाला हे देणे परिचयाचे असते. एका विद्यापीठात रंगलेले व्याख्यान दुसऱ्या विद्यापीठात द्यावे लागते. हशा कोठे पिकेल हे ठाऊक असते, आणि त्या ठिकाणी आवाज आपोआप खाली येतो. तेव्हा शिकवणारा मी असतो की मागल्या वर्षीच्या माझी नक्कल करणारा कोणी? तमिळ वा असमिया वाचणारा एखादा विद्यार्थी अनपेक्षित प्रश्न विचारतो आणि पाठ झालेले वाक्य मध्येच तुटते. त्यानंतर जे सुचते तेवढेच त्या वर्गाच्या हिशेबी जमा होते.