दाभोळ बंदर ते वणंद : मासळीच्या टोपलीची वाट

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईतल्या आपल्या चाळी आणि वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. पिशव्या, बोचकी, पोरेबाळे आणि घरची म्हातारी माणसे घेऊन मंडळी एस.टी.ने नाहीतर कोकण रेल्वेने रत्नागिरी जिल्ह्यात आपापल्या गावी उतरतात. आठ-पंधरा दिवस राहतात, पावसाळ्याआधी घराची कौले परततात, आंबे-फणस खातात आणि परत येतात. पण आपल्याच जिल्ह्यात, आपल्या गावापासून दहा कोसांवर काय आहे, ते पाहायला फारसे कोणी जात नाही. गेलेच तर एखादा किल्ला, एखादा समुद्रकिनारा आणि फोटो. म्हणून यंदा आम्ही सुट्टीची वाट न पाहता फेब्रुवारीतच, रमाई जयंतीला जोडून, वस्तीतल्या चार कुटुंबांसह निघालो.

रत्नागिरी शहराबद्दल थोडेच सांगतो, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. मांडवीचा धक्का, मिरकरवाड्याचे मासळी बंदर आणि समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग एका दिवसात आरामात पाहून होतात. थिबा राजाचा वाडा मात्र चुकवू नये. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ साली त्याला कैदी म्हणून रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा बांधून झाला १९१० साली. १९१६ साली राजा इथेच वारला, त्याची कबरही रत्नागिरीतच आहे. एका बौद्ध देशाचा बौद्ध राजा तीस वर्षे आपल्या कोकणात नजरकैदेत होता, हे आमच्या सोबतच्या मॅट्रिकच्या मुलांनाही ठाऊक नव्हते.

पण आमचा खरा मुक्काम उत्तरेला, दापोली तालुक्यात होता. खेड स्टेशनवर उतरले की तिथून एस.टी. मिळते. दापोलीला जुनी माणसे अजून ‘काप दापोली’ म्हणतात. इंग्रजांचा इथे लष्करी कॅम्प होता, त्याचा ‘काप’ झाला. पेन्शनीत निघालेले आपले सुभेदार-हवालदार इथे घरे करून राहत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन इथेच आले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. लष्करात आपल्या माणसांची भरती बंद झाली तेव्हा सरकारकडे पाठवायचा अर्ज तयार करणारेही तेच. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीनंतर काही काळ दापोलीत राहिले, पुढे साताऱ्याला गेले. तेव्हा बाबासाहेब अगदी लहान होते. सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. तिथे बहुतेक मंडळी जाऊन आलेली असतात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

दापोलीहून पहिल्या दिवशी हर्णे बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि काठावर त्याचे पाठीराखे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. किल्ल्याची गोष्ट सांगायला तिथे पुष्कळ जण आहेत. आम्हाला लिलाव अधिक आवडला. होड्या आल्या की किनाऱ्यावर मासळीचे ढीग पडतात आणि बोली चालू होते. बोलीचा वेग असा की आमच्यासारख्या आयुष्यभर खतावण्या लिहिणाऱ्या कारकुनालाही आकडा कुठून कुठे गेला ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. हे बंदर एके काळी फार मोठे. बहामनी राजांच्या काळात अरबस्तान आणि होर्मुझकडून घोडे इथे उतरत. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरला, तो परत जाताना इथूनच जहाजावर चढला. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. पुढे आदिलशाहीत, १५५९-६० च्या सुमारास, इथे दगडी शाही मशीद झाली. तिच्या घुमटामुळे लोक तिला अंडा मशीद म्हणतात. आज धक्क्यावरून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. ही सोय २००३ सालची, आता एस.टी.सुद्धा बोटीवर चढते. एन्रॉनमुळे दाभोळचे नाव साऱ्या जगात गाजले, पण तो कारखाना दाभोळात नव्हेच, तो पलतीरावर गुहागर तालुक्यात आहे!

आम्हाला धक्क्यावर जे पाहायचे होते त्याची पाटी कुठेच लावलेली नाही. माता रमाईंचे वडील भिकू धोत्रे याच बंदरावर राबत. होड्यांतून उतरलेली मासळी टोपल्यांत भरून डोक्यावरून बाजारात पोहोचवायची, हा त्यांचा पोटाचा धंदा. घोडे उतरले त्याची नोंद इतिहासात आहे, जाळपोळीची आहे, मशीद कोणत्या राजवटीत झाली त्याची आहे. पण बंदर चालते ते ओझी वाहणाऱ्यांच्या मानेवर, आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. भिकू धोत्र्यांचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते केवळ त्यांच्या मुलीमुळे.

धक्क्यावर एक म्हातारी मासळी विकत बसली होती. आमच्यातल्या एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तिला विचारले, “आजी, ही टोपली उचलून बघू का?” ती हसली. “उचल की बाळा, पण ओतू नको हां.” दोघांनी हात लावून टोपली त्याच्या डोक्यावर चढवली. खाली चुंबळ होती तरी पोराची मान दबली, मासळीचे पाणी कानामागून सदऱ्यात गेले आणि पंधरा-वीस पावलांत त्याने “उतरवा, उतरवा” केले. दाभोळ ते दापोली गाडीरस्त्याने सुमारे २८ किलोमीटर. ओझ्यासकट तासाला ४ किलोमीटरची चाल धरली तर हे अंतर तोडायला सात तास लागतील. त्यात खाडीकाठापासून वर सड्यापर्यंत सारा चढ. जांभ्याच्या पाखाड्या, पऱ्ह्यांवरचे साकव, आणि सड्यावर आले की सावलीचे नाव नाही. मासळी कोणीही घेई, पण वाहणाऱ्याला तहान लागली तर वाटेतल्या विहिरीवर हात घालायची त्याला मुभा नव्हती.

दाभोळच्या बाजूने आम्ही तासभर ही वाट चाललो, मग मुलांचे पाय पाहून एस.टी. पकडली. गाडीरस्ता झाल्यापासून अशा पायवाटांवर कोणी चालत नाही. काही ठिकाणी करवंदीच्या जाळ्या दोन्हीकडून मिटल्या आहेत, तर कुठे कुंपण आले आहे. शासनाने गडकिल्ल्यांच्या वाटा दुरुस्त कराव्यात, जरूर कराव्यात. तशीच दाभोळ ते वणंद ही वाटही नीट करून तिच्यावर चार ठिकाणी पाण्याची सोय करावी, असे आमचे मत आहे. गावोगावच्या आपल्या मंडळांनी ठरवले तर करवंदीच्या जाळ्या तोडायला शासनही लागत नाही.

वणंद दापोलीच्या जवळच आहे. ७ फेब्रुवारी १८९८ चा रमाईंचा जन्म इथला. आता इथे त्यांचे स्मारक आहे आणि जयंतीला गर्दी होते. आई रुक्मिणी लवकर गेली, मागून वडीलही गेले, आणि पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ साली रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले, तेही दिवसाचा व्यापार संपल्यावर, रात्री. आमच्या सोबतच्या एक ताई हे ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे आयुष्य क्रॉफर्ड मार्केटच्या फुटपाथवर भाजी विकण्यात गेले आहे.

तिसऱ्या दिवशी पन्हाळेकाजीची लेणी. दाभोळच्या बंदराशी या लेण्यांचे नाते आहे, म्हणून दाभोळनंतरच इथे यावे. कोटजाई नदी लेण्यांच्या पायथ्याने वाहते आणि पुढे दाभोळच्या खाडीला मिळते. बंदरावर उतरलेला माल खाडीने वर चिपळूणकडे, तिथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जायचा. कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, चिपळूण आणि खेडलाही लहान लेणी आहेत. म्हणजे व्यापाऱ्यांच्या वाटेनेच भिक्खूही चालले.

इथे एकूण २९ लेणी आहेत. सर्वांत जुनी साधारण तिसऱ्या शतकातली, साधी, भिक्खूंच्या निवासाची. दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयान पंथाचे बौद्ध इथे होते, त्यांची मूर्ती दहाव्या लेण्यात आहे. नंतर लेणी शैवांकडे आणि नाथपंथीयांकडे गेली. चौऱ्याऐंशी सिद्धांची चित्रे कोरलेली आहेत, एका लेण्याच्या छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत. आपली माणसे असे पाहिले की लगेच रागावतात. आमचे म्हणणे असे की रागावण्याआधी नीट पाहावे. एकाच कातळात हजार वर्षांचा बदल मुलांना बोटाने दाखवता येतो, हे पुस्तकात मिळत नाही. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला. इथल्या भागात सापडलेल्या ११३९ सालच्या शिलाहारांच्या ताम्रपटात गावाचे नाव ‘प्रणालक’ असे आहे.

जाणाऱ्यांनी पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, लहान मुले असतील तर दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ चांगला. लेण्यांत मेणबत्त्या लावू नयेत, काजळीने दगड काळा पडतो.

बाणकोट राहून गेले. मंडणगड तालुक्याच्या टोकाला, सावित्रीच्या मुखाशी ते बंदर आहे आणि वर किल्ला आहे. याच खाडीने २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेहून अधिक मंडळींसह दासगावच्या बंदरावर उतरले. आदल्या दिवशी मुंबईहून ते ‘पद्मावती’ बोटीने निघाले होते. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. दासगाव ते महाड पाच मैल, सत्याग्रही ते अंतर पायी गेले. येत्या २५ डिसेंबरला तेवढे आम्ही चालणार आहोत. टोपली उचलणाऱ्या मुलाने आतापासूनच नाव दिले आहे, भाजीवाल्या ताईंनीही.