कॉक, पेट्रोल, करंट

आयटीआयमध्ये निदेशक म्हणून मी बरीच वर्षं पोरांना दुचाकी दुरुस्ती शिकवली. त्यातलं पुस्तकातलं जे होतं ते दुसऱ्या कुणीही शिकवलं असतं. पण बंद पडलेल्या गाडीपुढं उभं राहिल्यावर पहिला हात कुठं घालायचा, हे मी किल्लारीच्या एका मिस्त्रींकडून उचललं. गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मीही इथं तेवढंच लिहितो. नाव छापून आलेलं त्यांना खपलं नसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून गावं नुकती झोपली होती, तेव्हा ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं भुईसपाट झाली. आमच्याकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचे थर. उन्हाळ्यात गारेगार. तीच अंगावर आली. पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचं काम निघालं. मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो, मला पाहणीचं काम मिळालं. सास्तूर, मंगरूळ, तळणी असं हिंडायचं, उभ्या राहिलेल्या घरांचे तडे मोजून तक्ते भरायचे. मामांनी त्यांची जुनी चेतक दिली. पावसाळ्यात काळ्या रानातनं ती चालवणं म्हणजे अर्धा वेळ मडगार्डातला चिखल काडीनं उकरणं.

एका पावसाळी सकाळी ती मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडसमोर बंद पडली. मी चोक ओढला, किका मारल्या, स्कूटर आडवी केली, उभी केली, पुन्हा किका मारल्या. ते बाजेवर बसून बघत होते.

“इंजिनेर सायेब, कशाला हाणलालाव किका? बसा जरा.”

मी बसलो. त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लग काढला आणि नुसता बघितला. मग म्हणाले, “वल्ला हाय.” प्लग कॅपमध्ये बसवून बॉडीला टेकवला आणि मला किक मारायला सांगितलं. ठिणगी पडली, निळी, चटचट आवाज करणारी. “करंट हाय. वल बी हाय. मंग पेटंना का?” हे ते मला विचारत होते. डिप्लोमाला कार्बोरेटरच्या प्रश्नाला मी चांगले मार्क मिळवले होते. व्हेंचुरीची आकृती आजही डोळे झाकून काढीन. पण तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्यांनी कार्बोरेटर खोलला आणि फ्लोटखाली साचलेलं तळहातावर ओतलं. हात उन्हाकडं तिरका केला. पेट्रोल पसरून उडून गेलं आणि मधोमध गोल थेंब राहिले, हात हलवला की इकडून तिकडं पळणारे. पाणी. टाकीच्या झाकणाचा रबर कधीचा फाटला होता आणि रात्रभर पाऊस होता. प्लगला लागलेली ओल पेट्रोलचीच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. त्यांनी धरलं नव्हतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी काम आटोपलं की मी तिथं जाऊन बसायला लागलो. शिकवतो असं ते कधी म्हणाले नाहीत. मी पाना पुढं करायचो, ते बोलत राहायचे. त्यांचं सगळं प्लगवर चालायचं. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, मग टाकीपासून खाली उतरत यायचं. आधी टाकीचं झाकण उघडून बघायचं. झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं की हवा आत जात नाही आणि भरल्या टाकीतनं पेट्रोल उतरत नाही. मग नळी, मग जाळी, शेवटी जेट. जेटमध्ये तार घातलेली त्यांना अजिबात चालत नसे. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते आणि मालक ॲव्हरेजसाठी मिस्त्रीला शिव्या देतो. त्यांच्याकडं डबीत बैलाच्या शेपटीचे केस होते, ते वापरायचे. प्लग ओला आणि करंट नाही, तर पॉइंट. मॅग्नेटच्या खिडकीतनं पॉलिश पेपर फिरवायचा आणि मग कोरा कागद मधनं ओढून काढायचा. तो काळा न निघेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे.

स्कूटर आडवी करण्याची आपल्याकडं सार्वत्रिक प्रथा होती. मिस्त्रींचं त्याविषयी मत सरळ होतं. गाडी चार दिवस उभी असेल, ऑइल खाली बसलं असेल, तर हलवा, आडवी करा. पण आधीच ओव्हर झालेल्या इंजिनात आणखी पेट्रोल ओतून काय होणार? तेव्हा कॉक बंद, चोक बंद, रेस पूर्ण आणि मग किक. आम्ही सगळे एकाच औषधानं सगळे ताप उतरवायला निघालो होतो.

त्या शेडमध्ये ढिगाऱ्यातनं काढलेल्या गाड्याही यायच्या. एकजण भावाची लूना घेऊन आला होता. चाकं वाकलेली, टाकीत माती. चालवायची नव्हती, विकायचीही नव्हती. फक्त एकदा चालू झालेली ऐकायची होती. मिस्त्रींनी रॉकेलनं टाकी धुतली, जेट फुंकला, नवा प्लग घातला. किती दिवस लागले आठवत नाही. ती धुराचा लोट सोडत सुरू झाली, तेव्हा तो माणूस शेडमागं गेला आणि मिस्त्री हात पुसत मला म्हणाले, “बंद करू नगा. त्येला करू द्या.” पैसे त्यांनी प्लगचे तेवढे घेतले. त्यांच्या स्वतःच्या घरातलं कोण कोण गेलं, हे मला गावातल्या इतरांकडून कळलं. ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्याच पाण्याच्या थेंबांच्या जोरावर मला पुढं नोकरी लागली म्हटलं तरी चालेल. मुलाखतीत सायबांनी विचारलं, करंट आहे, प्लग ओला आहे, गाडी चालू होत नाही, काय बघाल? मी म्हणालो, ओल कशाची आहे ते बघेन. ते थांबले, मग हसले.

वर्कशॉपच्या फळ्यावर मी दोष शोधण्याचा क्रम रंगवून घेतला: पेट्रोल, करंट, हवा, कॉम्प्रेशन. २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांतनं कार्बोरेटर गेला, चेतकही विजेवर चालणारी होऊन परत आली. पोरं स्कॅनर लावतात. फळा तसाच ठेवला, कारण खेड्यात जुन्या गाड्या अजून येतच होत्या.

मिस्त्री एकदाच आयटीआयत आले, नातवाचा फॉर्म भरायला. मी त्यांना हौसेनं वर्कशॉप दाखवलं, कापून ठेवलेलं इंजिन दाखवलं आणि पोरांना सांगितलं की हे सगळं यांचं आहे. ते संकोचून फळ्याकडं बघत राहिले. अक्षरं लावायला त्यांना वेळ लागायचा. मग हळूच म्हणाले, “सायेब, कॉक कुठाय? निम्म्या गाड्यांचा कॉकच बंद असतोय.”

दुसऱ्या दिवशी मी पेंटरला बोलावून सगळ्यात वर ते लिहून घेतलं.