हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची अंगणवाडी

मध्य प्रदेशातल्या डोईफोडियाहून निघालं की खकनार, देडतलाई आणि मग महाराष्ट्रातल्या मेळघाटातलं धारणी. आमच्या आजीच्या पिढीला हा रस्ता परमुलखाचा कधी वाटलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत पूर्व निमाड आणि मेळघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. पुढे हद्द आखली गेली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. कोरकू आदिवासी घरांतल्या लेकी इकडून तिकडे नांदायला जात राहिल्या, मराठी घरांतल्याही.

तेव्हा आमच्याकडे शाळेआधीची शाळा नव्हती. आईबाप कापूस वेचायला गेले की लहानगी पोरं एखाद्या आजीच्या राखणीत. ती ओसरीवर चिंचोके ओतायची. मोठे एकीकडे, बारके दुसरीकडे, मग पाच-पाचाचे ढीग. कुणी कोरकूत मोजायचं, कुणी मराठीत, कुणी निमाडीत. आजीला तिन्ही कळायच्या आणि पोरांना एकमेकांच्या आपोआप येऊ लागायच्या. त्या राखणीत माया होती. लस नव्हती, वजनकाटा नव्हता. गोवराच्या साथीत पोरं दगावत, हे आठवल्याशिवाय जुन्या दिवसांचं कौतुक करू नये.

याच जाणत्या राखणीला शास्त्राची जोड देणारी माणसं तेव्हा लांब समुद्रकाठी काम करत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. बिया, शिंपले, पानं हेच साहित्य. ताराबाई हे काम शिकल्या ते भावनगरला, गिजुभाई बधेकांसोबत. तिथेच १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. गिजुभाईंचं गुजराती लिखाण काशिनाथ त्रिवेदींनी हिंदीत आणलं. आपल्या बालशिक्षणाचा पायाच असा तीन भाषांच्या माणसांनी मिळून घातला आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत धारणी होतं. म्हणजे अंगणवाडीची पहिली वाट आमच्या शेजारातच पडली.

आजची अंगणवाडी सेविका त्या आजीपेक्षा कितीतरी जास्त जाणते. बाळाची उंची आणि वजन ती मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरते, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरते, गरोदर बाईची नोंद ठेवते. २०२३ पासून ‘पोषण भी पढाई भी’ची प्रशिक्षणं सुरू आहेत. २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. चिंचोक्यांचे ढीग करणं हेही शिक्षणच आहे, असं आता सरकारी पुस्तकच सांगतं. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण हे शिकणं हद्दीपाशी थांबतं. इकडच्या सेविकेला हिंदीतून शिकवतात, तिकडच्या सेविकेला मराठीतून. दोघींसमोर बसलेलं मूल मात्र घरी कोरकूच बोलतं. त्याच्याशी पहिल्या दिवशी काय बोलावं, रडं कसं थांबवावं, कोणत्या गाण्याने ते जवळ येईल, हे एकीला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने उमगतं. पण ते दुसरीपर्यंत पोहोचत नाही. मजुरीसाठी घर हद्द ओलांडतं, तेव्हा मुलाचं नाव एका अंगणवाडीत राहतं आणि मूल दुसरीच्या दाराशी उभं असतं. मानधनाचंही तसंच. केंद्राने २०१८ मध्ये ४,५०० रुपये ठरवले, वरची भर ज्या त्या राज्याची. काम सारखं, हातात पडणारी रक्कम वेगळी.

मोडलेलं सांधायला फार मोठी योजना नको. खकनार आणि धारणीच्या सेविकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. कोरकू गाणी, गोष्टी, मोजणीचे खेळ देवनागरीत उतरवून दोन्हीकडे वापरावेत. नव्या सेविकेने पहिला आठवडा पलीकडच्या जाणत्या सेविकेच्या हाताखाली काढावा. स्थलांतराच्या हंगामाआधी दोघींनी मुलांच्या याद्या एकमेकींना द्याव्यात. या दिवसांचा प्रवासखर्च आणि भत्ता दोन्ही राज्यांनी द्यावा, कारण हेही कामच आहे.

आजीला तीन भाषा येत होत्या, कारण तिचं गाव तिन्ही भाषांत जगत होतं. सेविकेकडे आज ज्ञान आहे, साधनं आहेत. आजीपाशी होता तो शेजार तेवढा तिला मिळवून द्यायला हवा. तो देणं दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांच्या हातात आहे आणि त्यांनी तो याच वर्षी द्यावा.