शेवटची कॉइल

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा खरा वैरी आमच्या वर्धा जिल्ह्यातला मे महिना. पारा ४५ अंशांवर गेला की खोलीतली हवाच तापलेली. हीटसिंकने उष्णता टाकायची कुठे? पवनारला माझ्या टेबलावर उन्हाळ्यात यायचे ते बहुतेक जळलेले आउटपुट ट्रान्झिस्टर. आवाजाच्या चढउताराप्रमाणे ते अर्धवट उघडे राहतात आणि त्या अर्धवटपणात वीज उष्णता होऊन वाया जाते.

क्लास-डी, म्हणजे लोक ज्याला डिजिटल म्हणतात तो अ‍ॅम्प्लिफायर, अर्धवट काही ठेवतच नाही. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. स्वस्तातल्या पुष्कळ बोर्डांवर असणारी टीपीए३११६ ही चिप सेकंदाला निदान चार लाख वेळा अशी उघडझाप करते. लहर वर चढली की ‘चालू’चा काळ लांबतो, उतरली की आखडतो. सगळं गाणं त्या लांबण्या-आखडण्यात. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला मिळते, हीटसिंक मे महिन्यातही सोसवेल इतकीच तापते.

सीडीवरचे सेकंदाला ४४,१०० आकडे मात्र या चिपपर्यंत पोचत नाहीत. डॅक नावाचा भाग त्यांचं आधीच व्होल्टेज करतो, चिप त्या व्होल्टेजचे पुन्हा तुकडे पाडते. आकड्यांवरून थेट तुकडे पाडणारे अ‍ॅम्प्लिफायरही निघाले आहेत. पण दोन्हींत शेवटी तुकड्यांचं गाणं करते ती तांब्याची कॉइल आणि तिच्याजवळचा कपॅसिटर. वेगवान उघडझाप तिथेच गाळली जाते. साधारण १० मायक्रोहेन्रीची ही कॉइल बारक्या गाभ्यावर गुंडाळली, तर पखवाजाच्या मोठ्या थापेला गाभा भरून जातो आणि थाप फाटते. डॅक कितीही भारी असो, फाटलेली थाप तो सांधू शकत नाही.

धाम नदीकडच्या वस्तीतले एक काका आले. “भाऊ, हा डबा लावला का रेडिओ नुसता किरकिरते.” त्यांचा रेडिओ नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झवर आणि बोर्डाची उघडझाप अगदी शेजारी, ६०० वर! कॉइल आणि तारांतून निसटून ती रेडिओत शिरत होती. चिप बनवणाऱ्यांनी ही अडचण ओळखून वेग बदलायची सोय ठेवली आहे. मी तो ४०० वर आणला, जाड गाभ्याच्या बंदिस्त कॉइल बसवल्या, स्पीकरच्या तारा आखूड केल्या. किरकिर थांबली. काकांनी नंतर भजनाची सीडी लावली, तेव्हा थापही भरीव आली.

तेव्हापासून मीडियम वेव्हचा रेडिओ माझ्या टेबलावर कायमचा आहे. दुकानात तुम्हाला वॅट सांगतील, बिट सांगतील. ते ऐकून घ्या, पण असा एक रेडिओ सोबत न्या, चालू अ‍ॅम्प्लिफायरजवळ धरून किरकिरतो का ऐका आणि झाकण उघडायला सांगून कॉइल बघा. कॉइल शेंगदाण्याएवढी असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका.