मुलांच्या संध्याकाळचे पॅटिस

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत सर्वांच्या तोंडी आहे. तिच्या उत्तरार्धाविषयी माझ्यासारख्या धर्मगुरूने काही न बोललेले बरे. पूर्वार्ध मात्र खरा आहे. घारी, लोचो, उंधियू, हिवाळ्यात जोंधळ्याच्या कोवळ्या दाण्यांचा पोंक व त्याचे वडे यांनी या नगरीने जिभेचे लाड पुरविले आहेत. परंतु ज्या मुलांविषयी आज लिहावयाचे आहे, त्यांच्या ताटापर्यंत हे वैभव क्वचितच पोहोचते.

ही मुले बहुतेक खानदेशातील. सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे येथे आली आणि लिंबायत, उधना या वस्त्यांत स्थिरावली. घरात अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती, अशा तीन भाषा ही लेकरे सहज बोलतात. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. आई घरी बसून साड्यांना लेस व टिकल्या लावते. शाळेत दुपारचे जेवण मिळते. गुजरातेत ती योजना १९८४ साली सुरू झाली व तिचे मोल मी जाणतो. पण त्या जेवणापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सहा-सात तास जातात, आणि नेमक्या त्याच वेळी मुले आमच्याकडे अभ्यासाला बसतात. हातात पाच रुपयांची कुरकुरीत खाऊची पुडी असते. ती संपते, भूक मात्र संपत नाही. उपाशी मुलाला पाढे विचारणे मला कठोरपणाचे वाटू लागले.

बिस्किटे वाटण्याचा विचार मी बोलून दाखविला, तेव्हा एक माउली स्पष्टपणे म्हणाली, “फादर, पोरांना फुकटच्या खाण्याची सवय नको. सामान आणा, आम्ही पाळीपाळीने येऊन करून देऊ. आमच्या हातचे असले म्हणजे आमचेच झाले.” तिच्या या एका वाक्याने दानाचा सारा प्रश्न सुटला. मी फक्त पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागलो.

बटाट्याचे पॅटिस ठरले, कारण ते मुलांना आवडते. बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला व त्यांचाच ‘बटाटा’ हा शब्द मराठीने आणि गुजरातीने ठेवून घेतला. उत्तरेकडे तो ‘आलू’ झाला. पोट भरण्यास तो उत्तम, वाढत्या अंगाला पुरेसा नव्हे. म्हणून त्यात काबुली चणे घालावेत असे ठरले. १०० ग्रॅम कोरड्या चण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच बटाट्यात जेमतेम २.

आमचे प्रमाण असे : अर्धा किलो बटाटे व १५० ग्रॅम चणे. एवढ्यात सोळा पॅटिस होतात, आणि दोन खाल्ली म्हणजे एका अंड्याच्या जवळपास प्रथिने मुलाच्या पोटात जातात. चणे आदल्या रात्री भिजत घालावेत. ते फुगून दुप्पट होतात. चांगले मऊ शिजवून भरड ठेचावेत. अखंड चणा लहानग्यांच्या घशात अडकण्याचे भय असते, म्हणून येथे आळस नको. बटाटे सालीसकट उकडावेत, म्हणजे आत पाणी शिरत नाही, आणि पुरते निवाल्यावरच कुस्करावेत. गरम बटाटा चिकट होतो व पॅटिस तव्यावर फुटते. शीतगृहातून आलेल्या बटाट्यात साखर वाढलेली असते, त्यामुळे तो लवकर करपतो; त्याला आच मंद हवी. आले, हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर, लिंबू, मीठ व बांधण्यापुरते भिजवून पिळलेले पोहे. तव्यावर थोडे शेंगदाण्याचे तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. कढईभर तेलात तळण्याची गरज नाही आणि आमच्या खिशाला ते परवडतही नाही.

वाद झाला तो साखरेवरून. शेजारच्या एक सुरती बेन मदतीला येतात. चिमूटभर साखरेवाचून पॅटिस ही कल्पनाच त्यांना असह्य. खानदेशी बायांना मिरची कमी पडते. माझे मत कोणी विचारले नाही, हे उत्तमच झाले. शेवटी पॅटिस तिखट आणि चिंचेची चटणी गुळाची, असा तह झाला. एकादशीला आजीबरोबर उपवास धरणारा एक मुलगा आहे. त्याच्यासाठी चणे व पोहे वगळून राजगिऱ्याच्या पिठातली दोन वेगळी भाजतात. ती कोणाची याची आठवण मला करून द्यावी लागत नाही.

एका मुलीने आपल्या दोहोंपैकी एक वहीच्या पानात गुंडाळलेले मी पाहिले. विचारल्यावर खाली मान घालून म्हणाली, “धाकट्यासाठी.” तो अजून शाळेत जात नाही, म्हणून दुपारच्या जेवणाच्या यादीत नाही आणि आमच्या अभ्यासवर्गातही नाही. मी ही गोष्ट स्वयंपाक करणाऱ्या बायांना सांगितली. त्यांनी आपसांत अहिराणीत काही ठरविले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या निरोपाची चिठ्ठी माझ्या मेजावर होती : बटाटे एक किलो, चणे ३०० ग्रॅम.